शेवटचे तीन आकडे

शेखबाईंच्या ज्या गोष्टी मला खटकायच्या त्यांची मी एकदा यादी केली होती. सतरा निघाल्या. एक : वेळेवर येत नाहीत. दोन : आल्यावर टेबलं पुसायच्या आधी स्वतः पाणी पितात. तीन : चहात साखर स्वतःच्या मतानं घालतात. चार : साहेबांची घंटा वाजली तरी समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय उठत नाहीत. पाच : टपाल घेऊन गेल्या की अर्ध्या तासाचं काम दोन तासांचं करतात. सतरावा मुद्दा लिहून मी खोडला होता, पण रेघेखालून तो अजून वाचता येतो : लोक आधी त्यांच्याकडे जातात.

आमचं कार्यालय माजी सैनिकांसाठीचं. सैन्यातून परत आलेले जवान, गेलेल्या जवानांच्या बायका, त्यांची मुलं, यांची ओळखपत्रं, दाखले, वसतिगृहातले प्रवेश, शिबिरं. माळशिरसपासून अक्कलकोटपर्यंतची माणसं सोलापूरला आमच्या दारात येतात. मी तिथं वरिष्ठ लिपिक. आवक-जावक नोंदवही माझ्याकडे. येणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर, जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर. त्या वहीत एकवीस वर्षांत मी एकही खाडाखोड केलेली नाही.

शेखबाई शिपाई. मंद्रूपच्या, शाळा सातवीपर्यंत. यजमान सैन्यात नाईक होते, नोकरीत असतानाच वारले, आणि काही वर्षांनी बाईंना ही जागा मिळाली. बुटक्या, अंगानं रुंद, बाराही महिने पायात मोजे आणि त्यावर चपला. साहेबांच्या दाराशी त्यांचं लाकडी स्टूल. त्याचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. नवीन खुर्ची मंजूर करून घेते म्हटलं तर म्हणाल्या, "नको मॅडम. खुर्चीत बसलं की माणूस उभाच राहतो समोर. स्टुलावर बसलेल्या बाईशेजारी तो खाली टेकतो."

आणि खरंच टेकायचे. साडेदहाला दार उघडलं की पहिला येणारा माझ्या टेबलावरून सरळ पुढं जायचा. माझ्या टेबलावर 'चौकशी' अशी ठळक पाटी आहे, ती मीच करून घेतली. तिच्याकडे न बघता तो शेखबाईंच्या स्टुलापाशी जाऊन उकिडवा बसायचा आणि गुडघ्याचं दुखणं, सुनेचा स्वभाव, बोअरचं पाणी, सगळं सांगून झाल्यावर अखेरीस कामाचं बोलायचा. मग शेखबाई हात करून त्याला माझ्याकडे पाठवायच्या. पदानं आणि शिक्षणानं माझ्या खाली असलेल्या, नवरा गेलेल्या बाईचा मला हेवा वाटायचा. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटायचा, आणि कामाच्या प्रत्येक दिवशी वाटायचा.

एकदा त्या तापानं दोन दिवस आल्या नाहीत. मी पॅडवर खुणा करत गेले. 'भाबी कुठायत', 'मावशी आल्या न्हाईत व्हय' असं विचारणारे पहिल्या दिवशी चौदा, दुसऱ्या दिवशी अकरा. निवृत्त जवान त्यांना भाबी म्हणायचे, बायका मावशी. पुढं माझं छोटं ऑपरेशन झालं, मी आठवडाभर रजेवर होते. परत आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, माझी चौकशी कोणी केली का.

"केली की," शेखबाई म्हणाल्या. "स्टेपलर कुठं ठेवता ते विचारत होते."

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. हा त्यांचा आणखी एक दोष, यादीत अकरावा : विचारलं तेवढंच खरं सांगतात.

त्यांची हातोटी काय होती हे मला एका शिबिरामुळं कळलं. कमी ऐकू येणाऱ्या माजी सैनिकांना श्रवणयंत्रं देण्याचं शिबिर होतं. यादी माझी, पत्रं माझी. आमच्याकडे एकाच नावाचे, एकाच वडिलांच्या नावाचे दोन जाधव होते. पत्र गेलं चांगल्या कानाच्या जाधवांना. ते आले, रांगेत बसले, यंत्र लावून बघितलं, बाहेरच्या रिक्षांचे आवाज ऐकून वैतागले आणि काढून ठेवून जेवून गेले. ज्यांना खरंच ऐकू येत नव्हतं ते जाधव आठवड्यानं आले आणि मला का बोलावलं नाही म्हणून इतक्या मोठ्यानं विचारू लागले की साहेब बाहेर आले.

शेखबाईंनी मला बाजूला घेतलं. कोणत्या जाधवांना पत्र टाकलं, दोनशे नऊ का सहाशे चाळीस, असं विचारलं. मला अर्थबोध होईना. मग त्यांनी सांगितलं. सैन्यात प्रत्येकाला एक लांबलचक नंबर असतो. पलटणीत एका नावाचे दोघं-तिघं असले की नंबराचे शेवटचे आकडे घेऊन हाक मारतात. यजमान सुट्टीवर आले की मित्रांच्या गोष्टी तशाच सांगायचे. पाचशे दहा असं म्हणाला, नऊशे चारनं तसं केलं. शेखबाईंनी तीच सवय इथं आणली होती. नवीन माणूस आला की आधी नंबर विचारायचा. शेवटचे तीन आकडे त्यांच्या डोक्यात बसले की बसले, पाच वर्षांनी तोच माणूस दारात दिसला की स्टुलावरूनच, "या तीनशे बारा, केस पिकले की." तो माणूस हसायचा. पांढऱ्या मिशांतला तो पलटणीतला पोरगा क्षणभर दिसायचा.

बायकांना तर नवऱ्याचा नंबर पाठच असतो. प्रत्येक अर्जावर तो लिहावा लागतो. "चेहरा आठवायला फोटो लागतो मला आता," शेखबाई एकदा डबा खाताना म्हणाल्या. "नंबर लागत न्हाय." त्यांच्या यजमानांचे आकडे तीनशे एक्याण्णव. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पण आकड्यांच्या बाबतीत मीही काही कमी नाही.

मग मीही शिकायचं ठरवलं. एका छोट्या वहीत तीस माणसं, तीस नंबर, महिनाभर पाठ केले. पहिल्यांदा जे म्हातारे जवान समोर आले त्यांना मी म्हटलं, "या चारशे अठरा." ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मी काय कैदी हाय का?" स्टुलावर शेखबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. ती वही मी कपाटाच्या तळाशी टाकली.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगताना मी काहीही गाळणार नाही असं ठरवलं आहे.

आमच्याकडे एक डेटा ऑपरेटर होता. नाव लिहीत नाही. आम्हीही त्याला ऑपरेटरच म्हणायचो. एजन्सीकडून कंत्राटावर आलेला, तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला. माझ्या याद्या तो संगणकावर रंगीत रकाने करून द्यायचा, मी आले की उभा राहायचा. मला तो आवडायचा. कार्यालयात माझं काम पाहून 'वा' म्हणणारा तो एकटाच होता. ओळखपत्राचे अर्ज भरून घेणं त्याच्याकडे, त्यासाठी प्लायवूडची एक लहान खोली होती.

एके दिवशी शेखबाई माझ्यापुढं एक कागद घेऊन आल्या. एका बाजूनं वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, त्यांच्याच मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलेला. खाली एका बाईचा अंगठा आणि तीन आकडे. ही बाई तोंडी सांगून गेली होती. शेखबाईंनी ते आधी साहेबांना सांगितलं, साहेब म्हणाले लेखी द्या, म्हणून त्यांनी तिचे शब्द लिहून घेतले होते. "नंबर टाका मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीत गेलं की खरं झालं."

मी वाचलं. 'तुमचा कंप्युटरवाला फारम भरताना फोन नंबर घेतो आणि संध्याकाळी घरी फोन करतो. एकटी राहता का विचारतो. मी दोनदा सांगितलं करू नका. हे सरकारी काम आहे का.'

मला काय वाटलं ते सांगते. शिपायानं अर्ज लिहिणं नियमात बसत नाही, हे वाटलं. अंगठा घेताना साक्षीदाराची सही नाही, हे वाटलं. जिल्ह्यातली बाई असलं काही सांगायला स्टुलापाशी बसली, माझ्या पाटीपाशी आली नाही, हे सगळ्यात जास्त वाटलं. मी नंबर टाकला : दोनशे सहा. विषयाच्या रकान्यात लिहिलं : किरकोळ.

दोन महिन्यांनी दुसरा कागद, दुसरी बाई. फोटो जुळत नाही म्हणून चार वेळा बोलावलं, जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले की खोलीत बसवून ठेवतो. नंबर तीनशे चाळीस. विषय : किरकोळ. शेखबाई अधूनमधून विचारायच्या, त्या कागदांचं काय झालं. मी सांगायचे, प्रक्रियेत आहे. त्या तेच शब्द त्या बायकांना फोनवरून सांगायच्या, "मॅडम म्हणाल्या प्रक्रियेत हाय. मॅडमच्या वहीत हाय म्हणजे काळजी न्हाय." मी शेजारून ऐकायचे आणि मला बरं वाटायचं. माझं नाव त्या फोनवर निघत होतं.

त्यानंतर शेखबाईंनी एक नवीन खोड काढली. जेवणाच्या सुट्टीत स्टूल उचलायचं, पुठ्ठ्यासकट, आणि ऑपरेटरच्या खोलीच्या दारात टाकून पेंगत बसायचं. साहेबांचं दार मोकळं, शिपाई तिकडं. यादीत नववा मुद्दा तोच आहे : नेमून दिलेली जागा सोडून भलतीकडे डुलक्या घेतात. ऑपरेटरनं माझ्याकडे कुरकुर केली की काम करताना घोरणं ऐकू येतं. मी टिपण लिहिलं, साहेबांची सही घेतली आणि शेखबाईंना त्यांच्या जागी परत बसवलं. त्यांनी वाद घातला नाही. स्टूल उचलताना एवढंच म्हणाल्या, "तुमी बसाल का मग तितं?" मला तो आगाऊपणा वाटला.

तीन आठवड्यांनी तिसरा कागद आला. जेऊरकडची बाई, तिला मी सविता म्हणते. नवरा गेलेला, एक मुलगी. मुलीला वसतिगृहात घालायला आईचं ओळखपत्र हवं होतं. आकडे एकशे सदुसष्ट. कागदावर होतं : 'दार लावून घेतलं. हात धरला. मी ओरडले नाही कारण कार्डाचं काम त्याच्याकडं होतं.'

हा कागद मी साहेबांकडे नेला. साहेब फोनवर होते. वाचून म्हणाले, तो आपला माणूस नाही, एजन्सीचा आहे, मी त्यांना तोंडी सांगतो. मी टेबलापाशी परत आले, वही उघडली. नंबर चारशे बावन्न. विषयाच्या रकान्यात पेन टेकवून मी बराच वेळ बसले. आधीच्या दोन्ही 'किरकोळ' होत्या. ही वेगळी लिहिली असती तर त्या दोन तशा का, हा प्रश्न उभा राहिला असता. खाडाखोड मी करत नाही. मी लिहिलं : किरकोळ.

सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ कायमचे, ड वर्षभर ठेवून नष्ट करायचे. किरकोळ ते ड. पुढच्या वर्षी अभिलेख स्वच्छतेचा आदेश आला तेव्हा जिल्ह्यात सगळ्यात आधी आमचं काम पूर्ण झालं. मी गठ्ठ्यांची छापील यादी जोडली होती. ते गठ्ठे उचलून टेम्पोत शेखबाईंनीच टाकले. काय उचलतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

सविताचं ओळखपत्र झालं नाही. मुलीचं एक वर्ष वसतिगृहाशिवाय गेलं. अखेर एक निवृत्त सुभेदार तिला घेऊन पुण्याला, वरच्या कार्यालयात गेले. तिथून आम्हाला पत्र आलं. त्यात एक ओळ होती : सदर व्यक्तीविरुद्ध यापूर्वी आपल्याकडे कोणतीही तक्रार प्राप्त झाली होती काय? असल्यास तपशील द्यावा, नसल्यास निरंक कळवावे.

निरंक म्हणजे काही नाही. निरंक कळवण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. साहेब म्हणाले, "कागद आहे का आपल्याकडे? नाही. मग निरंक." मी टाइप केलं, साहेबांनी सही केली, मी जावक नंबर टाकून पाकीट शेखबाईंच्या टपालवहीत ठेवलं.

प्रत्येक पाकीट कुठं चाललंय आणि कशासाठी हे विचारायची त्यांची सवय होती. यादीत सहावा मुद्दा. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं आणि परत माझ्या टेबलावर ठेवलं.

"निरंक कसं, मॅडम? तीन हायेत की. दोनशे सहा, तीनशे चाळीस, चारशे बावन्न."

माझे आवक नंबर. त्यांनी तेही पाठ केले होते, माणसांच्या नंबरांसारखेच.

मी हळू आवाजात सांगितलं, कागद गेले, ड वर्गात होते. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. टेम्पो आठवला असावा. मला वाटलं आता आवाज चढवतील. अख्खं कार्यालय कान देऊन होतं, ऑपरेटरच्या खोलीतला कीबोर्डही थांबला होता.

"कागद गेले," त्या म्हणाल्या. "वही हाय न्हवं?"

"आहे."

"मग बगा तुमी. तुमची वही खोटं बोलत न्हाय, असं मी त्या बायांना सांगितलंय."

आणि टपालवही काखेत मारून बाकीची पाकिटं घेऊन त्या निघून गेल्या. ते एक पाकीट माझ्यापुढं राहिलं.

त्या दुपारी मी ती जुनी यादी काढली. नववा मुद्दा वाचला. भलतीकडे डुलक्या घेतात. दोनशे सहा, तीनशे चाळीस, मग स्टूल, मग माझं टिपण, मग चारशे बावन्न. तारखा माझ्याकडे सगळ्या होत्या. मी त्या एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या. इतकी नेटकी यादी मी आयुष्यात केलेली नाही आणि इतकी वाईटही नाही. तेव्हाही, हे सगळं कळत असताना, माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की ही राखण तिनं कोणी न सांगता केली आणि मला कोणी सांगूनही जमली नसती. त्या दिवशी मनातल्या मनात मी त्यांना अगं-तुगं केलं. हेवा माणसाला किती जवळ नेतो.

निरंकचं पाकीट मी फोडलं. साहेबांशी काय बोलणं झालं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. ते रागावले, मग मला समजावलं, मग माझ्या निवृत्तीला किती वर्षं राहिली ते विचारलं. पुण्याहून चौकशीला एक बाई आल्या. वहीतले तीन 'किरकोळ' बघून त्यांनी विचारलं, कागदांत काय होतं हे आता कोण सांगणार? शिपाईबाई लिहिणाऱ्या आहेत, पण त्या तक्रारदारांच्या बाजूच्या, असं साहेबांचं म्हणणं पडलं.

मी सांगितलं. तिन्ही कागद मला शब्दन् शब्द पाठ होते. 'हे सरकारी काम आहे का' इथपासून 'कार्डाचं काम त्याच्याकडं होतं' इथपर्यंत. दुसरा कागद म्हणून झाला तेव्हा कोपऱ्यातून पाण्याचा पेला आला. पाणी घेऊन आलेल्या बाईकडे मी बघितलं नाही.

नंतर मी माझा जबाब लिहून दिला, स्टुलाच्या टिपणासकट. तो कार्यालयाला दिलेला कागद, म्हणून आवक वहीत माझ्याच हातानं त्याला नंबर टाकला : आठशे एकवीस. विषयाचा रकाना अरुंद असतो. मी तीन ओळी घेतल्या : तीन महिलांच्या तक्रारी या कार्यालयास मिळूनही कार्यवाही न केल्याबाबत.

ऑपरेटर गेला. पोलिसांचं वेगळं सुरू झालं, ते अजून सुरू आहे. वरून आधी उत्तर आलं की तो शासनाचा कर्मचारी नसल्यानं जबाबदारी एजन्सीची. चौकशीच्या बाईंनी अहवालात लिहिलं की खोली शासनाची, अर्ज शासनाचे, नोंदवही शासनाची, तेव्हा उत्तरही शासनानंच द्यावं. माझ्या सेवापुस्तकात ठपका नोंदला गेला. साहेबांच्याही.

मला वाटलं, संपलं. शेखबाई म्हणाल्या, "त्या तिघींना काय कळवलं?" काहीच कळवलं नव्हतं. मग मला नियम आठवला. नियम आठवण्यात मी कमी पडत नाही. आवक नंबर पडलेला प्रत्येक अर्ज निकाली काढावा लागतो, अर्जदाराला उत्तर जावं लागतं. मी तीन पत्रं टाइप केली. 'आपला अर्ज या कार्यालयास मिळाला होता. त्यावर कार्यवाही झाली नाही. ही चूक या कार्यालयाची आहे.'

साहेबांनी शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं. 'कार्यालयाची' कशाला, 'संबंधिताची' लिहा. मी पत्रं उचलली नाहीत. शेखबाई शिक्का घेऊन बाजूला उभ्या होत्या. शिपायानं अशा वेळी बोलू नये.

"साहेब," त्या म्हणाल्या, "आमचे मालक गेले तवा पलटणीतनं पत्र आलं होतं. इंग्रजी होतं, मला वाचता येत न्हाय. पर खाली मोठ्या साहेबाची सही होती, शाईची. मी रोज ती सही बगायची. कुणीतरी आपलं नाव घालून सांगितलंय, एवढं मला कळायचं."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि तिन्ही पत्रांवर सही केली. वाक्य तसंच राहिलं. मी मात्र तिथं उभी राहून विचार करत होते की नियम मी सांगितला, मसुदा मी केला आणि सही हिच्या बोलण्यानं झाली.

सविताचं पत्र आम्ही दोघींनी हातोहात दिलं. सकाळच्या गाडीनं जेऊरला गेलो, पुढं जीपनं. गाडीत शेखबाईंनी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी समोरच्या तीन अनोळखी बायकांना वाटली, मला चौथा तुकडा. सविता दारात उभी राहिली. शेखबाईंना बघून तिचा चेहरा उजळला. मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "तुमीच का त्या वहीवाल्या?"

मी हो म्हटलं. माफी मागायची वाक्यं मी वाटेत जुळवली होती, पाच होती. पहिलंच निघालं. तिनं हातानं थांबवलं, पत्र घेतलं, उंबऱ्यावर बसून दोनदा वाचलं. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. आत जाऊन ते पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलेलं मला ऐकू आलं. ओळखपत्र झालं होतं, मुलगी त्या वर्षी वसतिगृहात गेली होती, पण ते ती शेखबाईंना सांगत होती, माझ्याशी बोलली नाही. चहा दोघींना आला. निघताना ती शेखबाईंच्या गळ्यात पडली. मला दारापर्यंत सोडायला आली, एवढंच. तेवढंही मला पुरेसं वाटायला हवं होतं.

शेखबाई दीड वर्षानं निवृत्त झाल्या. निरोपाला किती माणसं येतील याचा अंदाज मी साठ धरला होता. पाणी मागवताना तोच आकडा धरला. अंदाज चुकला, कार्यक्रम व्हरांड्यातून मैदानात न्यावा लागला. कमी ऐकणारे सहाशे चाळीस पहिल्या ओळीत यंत्र लावून बसले होते. भाषण करा म्हटल्यावर शेखबाई उठल्या आणि समोर बघून एकेकाचे आकडे म्हणत गेल्या. तेच त्यांचं भाषण. माणसं आपला आकडा आला की हात वर करत होती, शाळेतल्या हजेरीसारखी. मी बाजूला उपस्थितांची यादी करत होते. माझ्याकडे नजर आली आणि पुढं गेली. माझ्याकडे आकडा कुठला असायला? मी सैनिकाची कोणी नाही.

स्टूल त्यांनी नेलं नाही. ते कार्यालयाच्या सामानाची नोंद असते त्या जडवस्तू नोंदवहीत होतं.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. मंद्रूपला माजी सैनिकांचा मेळावा होता, दिवस आठवडी बाजाराचा. मेळावा आटोपल्यावर मी पिशवी घेऊन बाजारात शिरले. वांगी, दोडका, ज्वारी, तेवढंच लिहून आणलं होतं. गर्दीत पलीकडून कोणीतरी हाक मारली, "आठशे एकवीस."

मी वळले नाही. असतील कोणी जुने जवान, असं वाटलं. या बाजारात अशा हाका मारणारं माणूस कोण हे मला लगेच कळलं, आणि बघायचं नाही असंही मी ठरवलं. आणखी एक माणूस हात वर करून हसत तिच्याकडे जाणार, ते बघायला नको होतं. मी वांगी निवडत राहिले.

"आठशे एकवीस, अवो मॅडम. बहिऱ्या झालात व्हय?"

हातातलं वांगं मी खाली ठेवलं. आवक वही, अरुंद रकाना, तीन ओळी. माझा जबाब.

शेखबाई भाजीच्या ढिगाऱ्यापलीकडे उभ्या होत्या. डोक्यावर पदर, पायात मोजे, एका हातात कोथिंबिरीची जुडी. त्यांच्या बाजूला गावातल्या दोन बायका होत्या. त्यांना त्या सांगत होत्या, ह्या आमच्या हापिसातल्या. काय काम करतात ते सांगितलं नाही, फक्त आकडा सांगितला. मी हात वर केला. गर्दीत, वांग्याच्या ढिगापुढं, हजेरी दिल्यासारखा.

दोन शब्द बोललो. मुलीकडे विजापूरला राहायला जाणार म्हणाल्या. मी पत्ता लिहून घ्यायला वही काढेपर्यंत त्यांना कोणीतरी पलीकडून हाक मारली, आणि त्या तिकडं वळल्या. एक म्हातारा काठी टेकत येत होता. "या तीनशे बारा," त्या म्हणाल्या, "हळू या, मी कुटं पळत न्हाय," आणि त्याच्यासाठी भाजीवालीची उपडी टोपली ओढून घेऊन स्वतः आधी शेजारी जमिनीवर टेकल्या. तो बसला. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी थोडा वेळ थांबले, त्या पुन्हा वळून बघतील म्हणून. पण त्याचं गुडघ्याचं दुखणं आत्ता कुठं सुरू झालं होतं आणि समोरच्याचं बोलणं संपल्याशिवाय शेखबाई उठत नसत.